सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली आणि महिन्याच्या आत तापून बंद पडली. डीलरला इंजिन खोलू द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही.

माझा धाकटा भाऊ कोरेगाव तालुक्यात (सातारा) शेती करतो. घरचं आलं (अद्रक) आणि गावातल्या अजून काही जणांचा माल तो भाड्याच्या गाडीने पुण्याला मार्केट यार्डात न्यायचा, त्यात बाजार पडला की भाडंसुद्धा अंगावर यायचं, म्हणून घरात ठरलं की आपलीच गाडी घ्यायची आणि त्याने स्वतः चालवायची. नवीन आवाक्यात नव्हती. पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१८ मॉडेलची बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा) डिझेल पिकअप घेतली, चार लाख साठ हजारांना. यात माझी नोकरीतली बचत आहे, आईने मोडलेली ठेव आहे आणि राहिलेल्याचं फायनान्स. पहिला हप्ता गेला आणि गाडी दारात उभी आहे.

घेताना गावातला मिस्त्री सोबत होता. त्याने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघितलं, बॅक मारत नव्हती (झाकणातून दाबाने वाफ-धूर येत नव्हता), धूर नव्हता, पाटे, टायर, क्लच, गिअर सगळं बघितलं, ट्रायल मारली. पण आम्ही पोचलो तेव्हा गाडी आधीच चालू करून गरम केलेली होती आणि ट्रायल झाली ती मोकळ्या गाडीची, सपाट रस्त्यावर. डीलरने फोटोंबरोबर व्हॉट्सॲपवर लिहिलेलं आहे, "इंजिनला पाना लागलेला नाही, १ लाख ८ हजार किमी, सिंगल ओनर". पासिंग ताजं करून दिलं.

मोकळी असताना किंवा पुण्याकडे जाताना काही त्रास नाही. पण यार्डातून परतीचं भाडं भरून येताना खंबाटकी चढायला लागली (आम्ही जायचो तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा होता, पुण्याहून येताना घाटच चढावा लागायचा) की टेम्परेचरचा काटा वर. पहिल्यांदा बाजूला घेऊन, थंड होऊ देऊन पाणी घातलं आणि हळूहळू घर गाठलं. तेव्हापासून पाणी रोज थोडं कमी होतंय. खाली कुठे थेंब नाही. डिपस्टिकवर ऑइल चांगलं आहे, दुधाळ झालेलं नाही. सकाळी स्टार्ट केली की थोडा वेळ मिसिंग करते (इंजिन अडखळतं), पांढरा धूर येतो, मग नीट चालते. आणि मागच्या आठवड्यात घाटाच्याही आधी, शिरवळच्या अलीकडेच काटा लाल पट्टीत जाऊन गाडी बंदच पडली. भाऊ रात्रभर मालासोबत हायवेला बसून होता. दुसऱ्या दिवशी क्रेन लावून आणली.

आता मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, हेड खोलून फेसिंग करायचं (त्याचा पृष्ठभाग सपाट करायचा), जमलं तर त्यातच पिस्टन-रिंगचं काम उरकून घ्यायचं, साठ-सत्तर हजार धरा. डीलर म्हणतो गाडी माझ्याकडे आणा, आमचा माणूस खोलेल, मजुरी माफ, पार्टचे पैसे तुमचे. वर डिलिव्हरी नोटवर बोट ठेवतो, तिथे छापलंय "इंजिन-गिअरबॉक्सची कोणतीही गॅरंटी नाही" आणि खाली भावाची सही आहे.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. खरंच हेड गॅस्केटच आहे का? डीलरच्या माणसाला खोलू द्यावं का? आणि त्या छापील वाक्यामुळे आमचे सगळे रस्ते बंद झाले का? आत्ता आल्याचा माल काढायला आलाय, भाऊ परत भाड्याच्या गाडीच्या मागे फिरतोय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद :

ताई, इंजिन आत्ता कोणालाच खोलू देऊ नका, तुमच्या मिस्त्रीलाही नाही. खाली थेंब नाही, ऑइल स्वच्छ, पाणी गायब, सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग, याचा अर्थ पाणी आत कुठेतरी शिरून जळतंय (वाफ होऊन धुरासोबत जातंय) एवढं जवळपास नक्की. पण ते हेड गॅस्केटमधूनच जातंय असं नाही. बीएस-४ डिझेलला बहुतेक ईजीआर कूलर असतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इनटेकला (इंजिनमध्ये हवा जाते त्या वाटेला) देतात आणि देण्याआधी तो इंजिनच्याच कूलंटने (रेडिएटरच्या पाण्याने) गार करतात, ते काम हा कूलर करतो. तो आतून फुटला की कूलंट सरळ इनटेकमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये (धूर बाहेर जातो त्या वाटेत) जातं, लक्षणं तुम्ही लिहिलीत तशीच्या तशी. मी स्वतः गॅरेजमध्ये बघितलंय, हेड खोललं, फेस मारला, नवीन गॅस्केट टाकलं, गाडी जोडली आणि पाणी परत कमी! मग कोणीतरी कूलर बघितला.

सकाळी गार इंजिनवर (गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, भाजाल) झाकण काढून स्टार्ट करायला सांगा. लगेच बुडबुडे यायला लागले तर गॅस पाण्यात शिरतोय. पण इथे बरेच जण फसतात, कारण टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्टला दाब असतो, त्यामुळे फुटलेल्या कूलरमधूनही बुडबुडे येऊ शकतात. म्हणून कूलर काढून त्याच्या पाण्याच्या लाइन एकमेकींना जोडायच्या, धुराची तोंडं पत्रा लावून बंद करायची आणि तीच टेस्ट परत. बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायची गरज नाही. काढलेला कूलर एका बाजूने बंद करून हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अजून दोन बघा. थर्मोस्टॅट वॉल (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) जागेवर आहे का. तापणारी गाडी विकताना तो काढून टाकतात, म्हणजे मोकळ्या ट्रायलला काटा वर येतच नाही. आणि रेडिएटरच्या तळाला राखाडी-तपकिरी गाळ आहे का, लीक तात्पुरतं बंद करायची पावडर टाकलेली असते. दोन्हीचे फोटो काढा.

एक महत्त्वाचं, सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन दगडासारखं अडकलं तर परत मारू नका. रात्रीत सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं, जबरदस्ती केली की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग मात्र खरंच पूर्ण इंजिन उतरवावं लागेल.

प्रतिसाद :

मेकॅनिकल मला कळत नाही, कायद्याचं सांगतो. "गॅरंटी नाही" छापलं म्हणून सगळं संपलं असं होत नाही. वॉरंटी न देणं वेगळं आणि माहीत असलेला दोष झाकून विकणं वेगळं. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं हे कपटात धरलंय. तुमच्याकडे डीलरचा स्वतःचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, तो डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका, सगळं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, डीलर हाच मुद्दा काढणार. पण त्याच कलमात म्हटलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ते व्यापारी काम नाही. भाऊ स्वतः चालवतो, एकच गाडी आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहा, त्याचं लायसन्स जोडा. विकणारा धंदेवाईक डीलर आहे हेही तुमच्या बाजूचं आहे, शेजाऱ्याकडून घेतली असती तर ग्राहक आयोगात उभं राहता आलं नसतं, दिवाणी कोर्टातच जावं लागलं असतं. पुण्याला चकरा मारायची गरज नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात म्हणजे साताऱ्यात दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं आहे. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरेचदा तिथेच डीलर बोलायला लागतो.

आणि वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. डीलरच्या गॅरेजमध्ये इंजिन खोललं गेलं की आधी काय होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही राहणार नाही. आयोग गरज पडली तर वस्तू तपासणीला पाठवू शकतो, पण ती तपासण्याच्या अवस्थेत तर असायला हवी. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, जॉब कार्ड (गाडीच्या कामाची लेखी नोंद) बनवा, तपासणीचा लेखी रिपोर्ट घ्या, आणि त्याआधी डीलरला स्पीड पोस्टाने कळवा की अमुक दिवशी तपासणी आहे, तुमचा माणूस पाठवायचा तर पाठवा.

प्रतिसाद :

ताई आमच्या घरात दोन गाड्या हायत, एक अशीच लागली होती. कागदाचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. आरसी भावाच्या नावावर चढली का? का गाडी नावावर करायचे फॉर्म २९-३० नुसत्या सह्या करून हातात दिलेत? चढली नसंल तर आधी त्याच्या मागं लागा, जुन्या मालकाच्या बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ बघा, ऑनलाइन चलनं किती पेंडिंग हायत ते बघा. गाडीचं भांडण चालू हाय म्हणून कागद लांबवू नका. इन्शुरन्स पण नावावर करून घ्या, थर्ड पार्टी आपोआप येतो पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्याला चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. इंजिन तापून गेलं तर इन्शुरन्स काय देत नाही, ती आशा ठेवू नका.

पासिंग नवीन मिळालं म्हणजे इंजिन चांगलं असं बिलकुल नाही. तिथं ब्रेक, लाइट, धूर असलं बघतात, गॅस्केट कोण बघतंय.

आणि सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन जुनी हिस्ट्री काढायला सांगा. सर्व्हिसच्या वेळची किलोमीटरची नोंद त्यात असते. हे नक्की करा.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद भावाला फोनवर वाचून दाखवले, तो पहिल्यांदाच जरा मोकळं बोलला. आरसी नावावर झालीये, इन्शुरन्सचा अर्ज राहिला होता, त्याची मुदत गेलीये तरी आज दिला, कंपनीचा माणूस आधी गाडी बघून मग सांगणार आहे. डीलरला स्पीड पोस्टाने कळवलंय आणि तेच पत्र व्हॉट्सॲपवर पण टाकलंय. गाडी टो करूनच सर्व्हिस सेंटरला नेणार, स्टार्ट करणार नाही.

धागाकर्ती, अपडेट :

तपासणी झाली. डीलरकडून कोणी आलं नाही.

ईजीआर कूलर फुटलेला निघाला. बादलीत धरल्यावर एका टोकाकडून बुडबुड्यांची रांग लागली, व्हिडिओ घेतलाय, जॉब कार्डवर लिहून घेतलंय. कूलर बायपास करून इंजिन चालू केलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे ज्या हेडसाठी आम्ही सत्तर हजार घालणार होतो ते आज तरी खोलायची गरज नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला आहे, एकाला थोडं कमी. गाडी इतकी तापल्यामुळे पुढे गॅस्केट जाऊ शकतं, लक्ष ठेवा असं त्यांनी रिपोर्टमध्येच लिहिलंय. थर्मोस्टॅट वॉल जागेवर नव्हता! हाऊसिंग रिकामं, आणि जॉइंटला बाहेर आलेली लाल सिलिकॉन पेस्ट. "पाना लागलेला नाही" म्हणणाऱ्याने हे काय म्हणून लिहिलं होतं?

आणि किलोमीटर. जुन्या हिस्ट्रीत शेवटची नोंद २०२२ ची आहे, तेव्हाच रीडिंग १ लाख ५७ हजार. आम्हाला मीटरवर दाखवले १ लाख ८ हजार. हे ऐकल्यावर मला काउंटरवरच रडू आलं, कारण आईने विचारलेला पहिला प्रश्नच हा होता, "फार चाललेली नाही ना गं?"

हे सगळं डीलरला पाठवल्यावर तासाभरात त्याचा फोन आला. कूलरचे आणि थर्मोस्टॅटचे पैसे देतो म्हणतोय, पण त्याआधी "गाडीबाबत माझी पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" असं लिहून सही पाहिजे. भाऊ म्हणतो घेऊया, सीझन चाललाय. मला ते पटत नाहीये. काय करू?

प्रतिसाद (कायद्याचं लिहिणारे) :

त्या वाक्यावर सही नको. कूलर ही एक गोष्ट, किलोमीटर मागे करून विकणं ही दुसरी आणि त्याची किंमत कूलरपेक्षा कितीतरी जास्त आहे. पैसे घ्यायचे तर पावतीवर एवढंच लिहा की "ईजीआर कूलर व थर्मोस्टॅट बदलण्याच्या खर्चापोटी मिळाले, इतर सर्व मागण्या राखून". तो तयार नसेल तर तुमच्या खर्चाने काम करून घ्या, बिल जपा, जुना कूलर सर्व्हिस सेंटरकडून परत मागून घ्या आणि फेकू नका. गाडी रस्त्यावर आली तरी तक्रार करता येते, मात्र दुरुस्तीआधीचा रिपोर्ट हातात हवा, तो तुमच्याकडे आहे. मागणीत गाडी परत घेऊन पूर्ण पैसे, किंवा खऱ्या किलोमीटरप्रमाणे किमतीतला फरक, असे दोन्ही पर्याय लिहा. शिरवळहून क्रेनने आणल्याची पावती आणि त्या दिवशीच्या मालाचं नुकसानही जोडा.

प्रतिसाद (गॅरेजवाले) :

नवीन कूलर टाकताना अख्खी सिस्टीम फ्लश करून घ्या, नुसतं पाणी भरू नका, कंपनी सांगेल तेच कूलंट सांगेल त्या प्रमाणात. ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील, ते करू नका, चेक लाइट लागून बसेल आणि पीयूसीला त्रास. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधली माती बाहेरून धुवून घ्या, घाटात तिचा फार फरक पडतो. पहिल्या काही खेपा कमी माल टाकून मारा आणि घरी आल्यावर गार झाली की दर वेळी पाण्याची पातळी बघा.

धागाकर्ती :

सही करत नाही असं डीलरला लेखी कळवलं. पावतीचा मजकूर तुम्ही सांगितला तसाच पाठवलाय, त्यावर अजून उत्तर नाही. १९१५ वर नोंद केली, नंबर मिळाला. कूलर उद्या बसेल, त्याचे पैसे मी घालतेय, जुना परत द्यायला सर्व्हिस सेंटर तयार आहे. आता तक्रारीचा मसुदा लिहायला बसलेय. साताऱ्याच्या आयोगात वकिलाशिवाय कोणी तक्रार दाखल केली असेल तर कागद कुठल्या क्रमाने लावायचे आणि व्हॉट्सॲप चॅट कसं जोडायचं तेवढं सांगा.