आर्वीहून नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनऱ्या पाहायला जायचंय, कसं जमवावं?

आर्वीचा_बागवान
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, बाकी वावरात कपाशी-तूर. जानेवारीत आंबिया बहाराचा ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी, तोडून पुन्हा सुरू केलं की चार दिवस घर सोडता येतं. यंदा फेब्रुवारीत गोदावरी खोऱ्यातल्या वायनऱ्या आणि द्राक्षबागा पाहून याव्या असं मनात आहे. सोबत बायको, बाबा आणि कृषीला शिकणारा पुतण्या.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. बाबा तर माळकरी. त्यामुळे पिण्यासाठी जाणं नाही. आम्ही बाग झाडावरच ठोक्यानं व्यापाऱ्याला देतो, तो सांगेल तो भाव. तिकडच्या शेतकऱ्याच्या फळाची वाइन होते, बाटलीवर गावाचं नाव लागतं, लोक पैसे देऊन बाग पाहायला येतात. हे सगळं चालतं कसं, ते डोळ्यांनी पाहायचं आहे.

जायचं कसं, कुठल्या वायनऱ्या पाहाव्या, बाबांना अवघडल्यासारखं होईल का, आणि एखादी बाटली आणता येते का, एवढं सांगा.

बडनेरा_जंक्शन
विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस पकडा, दोन्ही नाशिकरोडला थांबतात. पण तुम्ही चौघं आहात आणि वायनऱ्या सगळ्या शहराबाहेर, तेव्हा स्वतःची गाडी बरी. समृद्धीनं शिर्डीपर्यंत सरळ जाता येतं, बाबांचं साईदर्शनही होईल. घरून निघण्याआधी टायरची हवा तपासा, त्या काँक्रीटवर टायर फार तापतात.

वरुडची_काळी_माती
भाऊ, दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत मी काही वर्षं सेलरमध्ये, म्हणजे वाइन आंबवतात-साठवतात तिथं, काम केलं. नंतर घरच्या अडचणीनं वरुडला परतलो, आता संत्राच पाहतो. दोन्ही पिकं हाताखालून गेली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

महिना तुम्ही अचूक निवडला. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. युरोपात वर्षाला एकच छाटणी असते. आपल्याकडे दोन: एप्रिलची खरड छाटणी घड धरणारी काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. आपण पाणी तोडून झाडाला बहार धरायला लावतो, ते काम तिकडे कात्री करते. पुतण्याला हे आधीच सांगून ठेवा, तिथं प्रश्न चांगले सुचतील.

तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. फळ थंड असतानाच वायनरीत पोचलं पाहिजे, नाहीतर क्रेटमध्येच रस सुटून आंबायला लागतो. म्हणून आधी फोन करून तोडणी कोणत्या दिवशी आहे ते विचारा आणि सकाळी लवकर जाऊ देतील का तेही विचारा. दुपारी गेलात तर फक्त धुतलेली मशीन दिसतील. पांढऱ्या वाइनचं फळ लगेच दाबून रस काढतात आणि तो थंड टाकीत आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबते. आतला रस बहुतेक काळ्या द्राक्षाचाही पांढराच असतो, रंग सगळा सालीचा. ती साल वर तरंगून टाकीच्या तोंडाशी जाड थर धरते, आणि खालचा रस पंपानं पुन्हा पुन्हा तिच्यावर सोडावा लागतो. सीझनमध्ये माझी अर्धी रात्र त्यातच जायची. आंबणाऱ्या टाकीत मात्र कुणी वाकून पाहू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, माणूस जागीच पडतो.

एक गोष्ट नक्की करा. परवानगी घेऊन वाइनच्या द्राक्षाचे दोन-चार मणी खाऊन पाहा. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बी. थॉम्पसन, म्हणजे बाजारातलं बिनबियांचं द्राक्ष, खाणाऱ्या माणसाला हे फळ कामाचंच वाटत नाही, पण गोडी त्याच्याहून जास्त, २२-२४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). मग बी चावा. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली कुरकुरते. कच्ची हिरवट आणि तुरट. आमचे वाइनमेकर रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्राचा, आकडा पाहून झाल्यावरही ओळीओळीनं बी चावत फिरायचे आणि मगच तोडणीची तारीख द्यायचे. तो रिफ्रॅक्टोमीटर मी आता संत्र्यालाही लावतो. व्यापारी बागेत आला की फळ फोडून, थेंब टाकून, आकडा त्यालाच वाचायला देतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा. वायनऱ्या शेतकऱ्याशी काही वर्षांचा करार करतात. जात कोणती लावायची ते ठरलेलं, आणि दर फळातल्या साखरेवर. ऐकायला फार चांगलं वाटतं, पण दुसरी बाजूही विचारा. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं आणि वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. मग २००८-०९ च्या मंदीत खप पडला, माल उचलला गेला नाही, आणि कित्येकांनी चांगल्या वेली उपटून टाकल्या. शिराझ किंवा शेनिन ब्लाँसारखं वाइनच्या जातीचं द्राक्ष हातगाडीवर विकता येत नाही. वायनरीनं नाही म्हटलं की दुसरा दरवाजा नाही. आपलं संत्र पडत्या भावानं का होईना, नागपूरच्या कळमना बाजारात जातं. म्हणून वायनरीचा गाइड जे सांगेल ते ऐका, पण करारावर माल देणाऱ्या एका तरी शेतकऱ्याच्या बांधावर बसून या. प्रवासाचं खरं काम ते.

कुठे जायचं? गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत. सुला मोठी, तिथं पर्यटनाचा धंदा कसा चालवतात ते पाहा. यॉर्कमधून धरणाचं पाणी दिसतं, बाबांना तिथं निवांत बसवा. दुसऱ्या दिवशी इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा किंवा व्हॅलोन. व्हॅलोन लहान आहे, लहान ठिकाणी माणसं वेळ देऊन बोलतात. दिवसाला दोनाच्या वर करू नका.

बाबांना कुणीही आग्रह करत नाही, न पिता टूर करता येते. पुतण्या २१ चा नसेल तर त्याला चव देणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. गाडी चालवणाऱ्यानं घोटही घेऊ नये.

बाटली आणू नका. वर्धा जिल्हा लागला की ती गाडीत असणंसुद्धा गुन्हा. बेदाणे आणा.

निफाडची_सून
माहेर अमरावतीचं, सासर निफाडचं, घरी खायच्या द्राक्षाची बाग. काळ्या मातीच्या दादांनी वायनऱ्यांचं सांगितलंच आहे. मी एवढंच म्हणेन की वाइनच्या बागेसोबत आमच्यासारखी मांडवाची बागही पाहा. वाइनची वेल तारेवर उभी, आमची डोक्यावर पसरलेली, घड खाली लोंबतात. निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यादीत नोंदणी असते, औषधाचे अंश तपासल्याशिवाय माल जात नाही. म्हणून न विचारता बागेत शिरू नका, आणि फवारणीच्या दिवशी तर मुळीच नाही.

निफाडची थंडी आपल्याकडच्यापेक्षा बोचते, तुमच्या बाबांचा स्वेटर घ्या. सकाळी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला न्या. गोदावरी आणि कादवा तिथं मिळतात. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. आणि बागायतदार माणसानं इथवर येऊन लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहिला नाही, असं करू नका.

आर्वीचा_बागवान
वरुडवाले भाऊ, ताई, फार उपकार झाले. बाबांना वाचून दाखवलं. करारवाल्या शेतकऱ्याकडे मीही येतो म्हणाले. पण असा शेतकरी शोधायचा कुठून? आणि शनिवार-रविवार चालेल का?

वरुडची_काळी_माती
शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याची गर्दी असते, सेलरमध्ये कुणाला बोलायला सवड नसते. मंगळवार-बुधवार पाहा. शेतकरी वायनरीच्या गेटवरच भेटतो. सकाळी क्रेटची पिकअप वजनकाट्यावर रांगेत उभी असते, मालक शेजारीच उभा असतो. वजन आणि ब्रिक्सची चिठ्ठी हातात पडेपर्यंत तो मोकळाच असतो. आपण संत्र्यावाले म्हणून ओळख सांगा, तोच चहाला घरी नेईल. चार किलो आपली फळंही गाडीत टाका.