शब्दचर्चा : ‘शस्त्र बाळगणे’ की ‘शस्त्र धरणे’? अमेरिकी घटनेतल्या एका वाक्याचं मराठी

ओसरी :

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. सध्या सासरे सांगलीहून आले आहेत. हाडाचे मराठीचे मास्तर, निवृत्त. लेकीच्या वर्गात अमेरिकेची राज्यघटना चालू आहे आणि रात्री जेवताना ती आजोबांना त्यातलं काहीबाही सांगते. परवा दुसरी घटनादुरुस्ती निघाली, बंदुकांची. आजोबा म्हणाले, “गोषवारा नको, वाक्य सांग. मराठीत.” मला वाटलं, सत्तावीस शब्दांचं तर वाक्य आहे. त्याला आज चार दिवस झाले.

मूळ वाक्य असं : ‘अ वेल रेग्युलेटेड मिलिशिया, बीइंग नेसेसरी टू द सिक्युरिटी ऑफ अ फ्री स्टेट, द राइट ऑफ द पीपल टू कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड.’ साल १७९१.

माझा प्रयत्न : ‘सुनियंत्रित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे ठेवण्याच्या व बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणता येणार नाही.’

मास्तरांनी तीन ठिकाणी पेन्सिल मारली : ‘सुनियंत्रित’, ‘असल्यामुळे’, आणि ‘ठेवण्याच्या व बाळगण्याच्या’. “ही दोन क्रियापदं म्हणजे एकच की गं,” म्हणाले. आता सांगा.

खलबत्ता :

‘शस्त्रे ठेवणे’ आधी काढा ताई. मराठीत शस्त्रं ‘ठेवली’ म्हणजे खाली ठेवली, शरण गेले. हक्क द्यायला गेलात आणि शरणागती लिहून दिलीत!

‘कीप’ला ‘बाळगणे’ फिट्ट बसतो. पेपरात रोज वाचतो ना, ‘गावठी कट्टा बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक’. आपण राग बाळगतो, मौन बाळगतो. वस्तू आपल्यापाशी असणं आणि तिची जाणीव असणं, दोन्ही त्यात येतं. ‘बेअर’चं मात्र मला सुचत नाही.

बोरूबहाद्दर :

ओसरीताई, तुम्ही ज्या ‘बेअर’पाशी अडलात तिथेच त्यांचं सर्वोच्च न्यायालयही २००८ साली अडलं होतं. पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून घरात पिस्तूल ठेवायला जवळपास बंदीच होती, तिच्याविरुद्ध डिक हेलर नावाच्या सुरक्षारक्षकाने दावा लावला होता. निकालपत्राची पानंच्या पानं शब्दकोशातल्या नोंदींनी भरलेली आहेत. आपल्यासारख्यांनी वाचायलाच हवं असं प्रकरण.

अल्पमतातले न्यायमूर्ती स्टीव्हन्स म्हणाले की ‘बेअर आर्म्स’ हा वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ सैनिक म्हणून लढणं. बहुमतासाठी लिहिणारे स्कालिया म्हणाले, छे, साधं ‘जवळ घेऊन वावरणं’. गरज पडली तर सामना करता यावा म्हणून.

मराठीत हा फरक समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. भारतीय युद्धात श्रीकृष्ण म्हणतो, मी शस्त्र धरणार नाही. सुदर्शन त्याचंच आहे, ते काही त्याने गोकुळात ठेवून दिलेलं नाही. म्हणजे ‘शस्त्र धरणे’चा अर्थ लढणं. शस्त्र ‘बाळगून’ही ते ‘न धरणं’ आपल्याला सहज कळतं, आणि भीष्मावर तो चक्र घेऊन धावतो तेव्हा प्रतिज्ञा मोडली हेही कळतं. स्टीव्हन्सची बाजू इथे संपूर्ण आली.

१८४० साली टेनेसी राज्याच्या न्यायालयाने हेच म्हटलं होतं : हरणांच्या, गव्यांच्या मागे माणूस चाळीस वर्षं रोज रायफल घेऊन हिंडला, तरी त्याने ‘शस्त्र धारण केलं’ असं कुणी म्हणणार नाही.

यावर स्कालियांचं उत्तर भाषेच्या अंगाने झकास आहे. ‘कीप’ आणि ‘बेअर’ या दोन क्रियापदांना कर्म एकच, ‘आर्म्स’. मग तो शब्द पहिल्या क्रियापदाबरोबर खरीखुरी हत्यारं आणि दुसऱ्याबरोबर वाक्प्रचाराचा तुकडा, असं कसं चालेल? त्यांनी इंग्रजीतलं बादली भरण्याचं आणि बादली लाथाडण्याचं (म्हणजे मरण्याचं) उदाहरण दिलं. आपल्याकडे ‘त्याने भाकरी आणि मार खाल्ला’ म्हणा. विनोदाला ठीक, घटनेत कोण लिहील?

खलबत्ता :

मग शेवटी बरोबर कोण, काका?

बोरूबहाद्दर :

पुरावा दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही. घटनाकारांतल्या जेम्स मॅडिसनने जून १७८९ मध्ये मांडलेल्या या दुरुस्तीच्या पहिल्या मसुद्यात शेवटी एक शेपूट होतं : ज्याला धर्मामुळे ‘बेअरिंग आर्म्स’ वर्ज्य आहे त्याच्यावर लष्करी सेवेची सक्ती करू नये. हे क्वेकरांसारख्या शांततावादी पंथांसाठी. तिथे अर्थ लढण्याचाच आहे, दुसरा लावताच येत नाही. हे शेपूट पुढे गळलं. उलट बाजूला पेनसिल्व्हेनियातल्या, नव्या घटनेच्या विरोधकांचं १७८७ चं निवेदन आहे. स्वतःच्या रक्षणासाठी, राज्याच्या रक्षणासाठी ‘किंवा शिकारीसाठी’ ‘बेअर आर्म्स’चा हक्क त्यात मागितला आहे. शिकारीला जाताना कुणी रणांगणातलं शस्त्र धरत नाही.

हेलर निकालानंतर ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने त्या काळच्या लिखाणाचा मोठा संगणकीय संग्रह केला. अभ्यासकांनी त्यात हा शब्दप्रयोग शोधला तर बहुतेक ठिकाणी लष्करी अर्थच निघाला. माझं मत विचाराल तर भाषेच्या मुद्द्यावर स्टीव्हन्स जिंकतात. पण न्यायालयात मतं मोजतात, शब्दांचे दाखले नाही.

म्हणून ताई, ‘बाळगण्याच्या व धरण्याच्या’ लिहा. ‘धरणे’त हातात घेणंही आहे आणि लढणंही. वाद जसाच्या तसा मराठीत उतरतो.

मुक्काम पोस्ट :

‘सुनियंत्रित’वर कुणीच बोलेना म्हणून लिहितो. मास्तरांची पेन्सिल बरोबर पडली आहे.

आज ‘रेग्युलेटेड’ म्हटलं की सरकारी नियम आणि परवाने आठवतात. अठराव्या शतकात ‘वेल रेग्युलेटेड’ हे नीट लावलेल्या घड्याळालाही म्हणत, आणि फौजेच्या बाबतीत त्याचा अर्थ शिकवलेली, शिस्तीत हालणारी. घटनाकारांतल्याच हॅमिल्टनने या नागरी सैन्याविषयी लिहिताना तक्रार केली आहे की सगळ्या शेतकरी-कामकऱ्यांना कवायत करायला लावली तर त्यांचे कामाचे किती दिवस बुडतील. त्याच्या मनात परवाने नव्हते, कवायत होती.

आणि नेमका हाच शब्द आपल्याकडे तयार आहे : कवायती. महादजी शिंद्यांनी द बॉयन्या या युरोपीय सेनानीकडून तयार करून घेतलेल्या पलटणी त्या कवायती पलटणी, आणि काळही तोच, १७८०-९० चा! आता गंमत बघा. ‘कवायत’ आला अरबी ‘कवाइद’वरून. ते ‘काइदा’चं अनेकवचन, म्हणजे नियम. आणि ‘काइदा’चा मराठीत झाला ‘कायदा’. एकाच झाडाची दोन फळं. नियमांवरून संचलनापर्यंत अर्थ सरकला, अगदी इंग्रजी शब्दासारखा. अमेरिकेतला बंदुकीचा बराचसा वाद मला या एका जोडीत दिसतो. बंदुकांवर निर्बंध मागणारे त्या शब्दात कायदा वाचतात, हक्कवाले कवायत वाचतात.

‘मिलिशिया’ला मात्र ‘नागरी सेना’ पुळचट वाटतं.

खलबत्ता :

शिबंदी?

मुक्काम पोस्ट :

पहिला विचार तोच आला होता. पण शिबंदी पगारी; वसुलीला, ठाण्याच्या बंदोबस्ताला ठेवलेली. यांचा १७९२ चा कायदा सांगतो की अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुषाने सहा महिन्यांत स्वतःच्या खर्चाने बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि किमान चोवीस काडतुसं मावतील अशी पिशवी घ्यायची. (‘लोकांचा हक्क’ म्हणताना ‘लोक’ कोण होते, तेही या ओळीत दिसतं.) स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो आपला शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, पदरचा घोडा आणि हत्यार आणणारा शिलेदार. बारगिरांची खडी फौज म्हणजे राजाच्या हातातली काठी, ही भीती त्या लोकांना इंग्रजांच्या अनुभवावरून होती. ‘कवायती शिलेदारी’ म्हणून बघा कसं वाटतं.

बोरूबहाद्दर :

शिलेदार पेशाने शिपाई असतो हो. तिकडचा माणूस नांगर सोडून आलेला.

मुक्काम पोस्ट :

मान्य. पण दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघणाऱ्यांतले बरेच जण पावसाळाभर नांगरच धरत असत, काका.

उंबरा :

एवढा कीस पाडून उपयोग काय? घटनाकारांचा हेतू काय होता ते बघा आणि मोकळे व्हा.

बोरूबहाद्दर :

‘हेतू’ म्हणालात, बरं झालं. तिकडे ‘मूळ हेतू’ आणि ‘मूळ अर्थ’ यांत मोठी फारकत आहे. आधी हेतूवाले जोरात होते. पण हेतू कुणाचा? लिहिणाऱ्यांचा, मत देणाऱ्यांचा, की राज्याराज्यांतून मंजुरी देणाऱ्यांचा? मॅडिसनची घटनासभेतली टिपणं तर थेट १८४० साली छापली गेली, तोवर ती लोकांना ठाऊकच नव्हती. म्हणून स्कालियांचा पंथ म्हणतो, कुणाच्या मनात काय होतं ते सोडा. त्या वर्षी रस्त्यावरच्या वाचत्या माणसाला त्या शब्दांतून काय कळलं असतं, तेवढं बघा.

शिवकाळातल्या कागदात ‘गडाचा हवालदार’ आलं तर आपण पोलीस चौकीतला हवालदार डोळ्यांपुढे आणत नाही. किल्ल्याच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात तो मोठा अधिकारी. हे ‘मूळ अर्थ’ लावणंच झालं. तत्त्व म्हणून मला पटतं. खोड एवढीच की न्यायाधीशाला जो दाखला सोयीचा तोच त्याच्या नजरेला आधी पडतो. न्यूयॉर्कच्या बंदूक कायद्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने तर सांगितलं की आजच्या निर्बंधाला इतिहासात जोडीदार दाखवा. त्यावर खालची न्यायालयं जुनी कायदेबुकं धुंडाळत बसली, आणि दोन वर्षांत वरच्या न्यायालयाला सांगावं लागलं की हुबेहूब जुळा भाऊ नको, तत्त्व जुळलं तरी चालेल.

ओसरी :

सासरे विचारताहेत, आपल्या घटनेत हा हक्क कुणी मागितला नव्हता का?

मुक्काम पोस्ट :

मागितला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणूस निःशस्त्र झाला याची सल जुनी. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नागरिकाला शस्त्रं बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क होता, पण ‘नियमांच्या अधीन’. म्हणजे इथे कायदा, कवायत नव्हे! डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी घटनासमितीत तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा रोख असा होता की शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा कर्तव्याचा आग्रह धरायला हवा, संकटकाळी राज्याने बोलावलं तर लढायला येण्याच्या कर्तव्याचा. बघा, बाबासाहेबांनी तेच शब्द सरळ स्टीव्हन्सच्या अर्थाने वापरले, साठ वर्षं आधी.

आपल्या घटनेत उरलं ते उलट : एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ‘विनाशस्त्र’. शिखांच्या कृपाणाला तेवढी वेगळी जागा.

खलबत्ता :

‘असल्यामुळे’ राहिलं की!

बोरूबहाद्दर :

ते मास्तरांनी अचूक पकडलं. इंग्रजीतलं ‘बीइंग’ मोघम आहे. ‘असल्यामुळे’ म्हटलं की हक्क शिलेदारीला बांधला, शिलेदारी संपली की हक्कही संपला. स्कालिया म्हणतात पहिला तुकडा प्रस्तावना आहे, तो कारण सांगतो पण मर्यादा घालत नाही. तेव्हा ‘असून’. आपलं ‘असून’ कारणही सोसतं, नुसती जोडही सोसतं. स्वल्पविराम किती घालायचे ते तुम्ही ठरवा, त्यांच्याही जुन्या प्रतींत कुठे तीन तर कुठे एक. मोडीत लिहिलं असतं तर एवढा वाद तरी वाचला असता.

ओसरी :

झालं. आजचा मसुदा : ‘कवायती शिलेदारी स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असून, शस्त्रे बाळगण्याच्या व धरण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.’

सासऱ्यांनी दोनदा वाचलं. ‘कवायती’वर बरोबरची खूण केली. मग ‘राज्य’खाली पेन्सिल ओढून विचारलं, “हे राज्य म्हणजे न्यू जर्सी की अख्खा देश?”

मुक्काम पोस्ट :

नवा धागा काढा ताई.