मदत हवी आहे: बिनदुधाचा, पानांचा चहा नुकताच सुरू केलाय

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चहा म्हणजे आलं, गवती चहा घालून उकळलेला दुधाचा. गेल्या महिन्यात बहिणीने दार्जिलिंगहून फर्स्ट फ्लशची, म्हणजे मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीची पुडी आणली. सवयीने पातेल्यात खळखळ उकळला, तर जीभ आखडेल इतका तुरट! मग पाणी उकळल्यावर दोन मिनिटं निवू दिलं, कपाला चमचाभर पानं, तीन मिनिटं झाकण. रंग फिका सोनेरी, वास ओल्या गवताचा आणि मागून किंचित फुलांचा. तळाशी वळलेली पानं उलगडली होती, एका देठावर कोवळी कळी अख्खी दिसत होती. तेव्हापासून वेडच लागलंय.

आता पुढे काय घेऊ? सेकंड फ्लशला द्राक्षासारखी गोडसर झाक असते म्हणतात, ती नवख्या जिभेला कळते का? की आधी निलगिरी डोंगरातला चहा बरा? आसामचा पानांचा चहाही बिनदुधाचा पिता का कुणी?

दादर-गिरगाव भागात ५० ग्रॅम सुटा, वास घेऊन निवडता येईल असं दुकान माहीत आहे का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे डब्यातले पोहेसुद्धा सादळतात, मग ही पानं कशात ठेवता?