‘नीती’ या एका शब्दात किती विषय कोंबायचे?

पुस्तकांच्या विषयसूचीत ‘तत्त्वज्ञान आणि नीती असे दोनच विषय ठेवले तरी पुरे,’ असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. आमच्या रावेरकडचाच प्रश्न घ्या: शेजाऱ्याची विहीर आटत असताना मी केळीसाठी आणखी खोल बोअर मारावी का? हा उपयोजित नीतिशास्त्राचा प्रश्न झाला; परंतु भूजलावर मालकी कोणाची, असे विचारताच आपण राजकीय तत्त्वज्ञानात शिरतो, आणि ‘योग्य’ या शब्दाला व्यक्तिनिरपेक्ष अर्थ असतो का, असे विचारले की तो अधिनीतिशास्त्राचा विषय होतो. तिन्हींवर ‘नीती’ एवढीच चिठ्ठी लावली, तर शोधणाऱ्याने काय करावे?

‘धर्म’ हा शब्द तर आणखी निसरडा आहे, कारण त्यात कर्तव्यही येते आणि उपासनाही. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत नीतिशास्त्र १७० मध्ये, तर गीता २९४ मध्ये, म्हणजे धर्माच्या कपाटात जाते. निष्काम कर्माचा नैतिक अंगाने अभ्यास करणाऱ्याला दोन्हीकडे हात घालावा लागतो. (अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी उभारलेल्या संस्थेच्या, मुलखात तरी हा घोळ नको!) म्हणून प्रत्येक विषयनामाखाली त्यात काय येते, यापेक्षा काय येत नाही, हे एका ओळीत आधी लिहावे.