प्रवेशिका व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला पणजीत वृत्तछायाचित्रांची स्पर्धा, प्रदर्शन आणि कार्यशाळा घ्यावी, ही सूचना मनापासून आवडली. फक्त प्रवेशिका व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. तिथे फोटो साधा पाठवला की लहान होतो आणि तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती गळून जाते. १२ × १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात; २०० डीपीआयवरही भिंतीवर चालून जाते, त्याखाली नको. मूळ फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हवर घ्या. अंतिम फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, मागाच. उजेड-रंग थोडे सावरलेले चालतील, पण चौकटीतली विजेची तार पुसलेली असेल तर फोटो बाद.

फोटोओळीला गुण ठेवा. चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा सण; त्याच्या फोटोखाली नुसतं ‘चिखलकाल्याचा आनंद’ ही ओळ नव्हे. माशेलच्या देवकीकृष्ण देवळासमोर, कुठल्या तारखेला, कोण, काय करतंय, हे दोन वाक्यांत यायला हवं. कार्यशाळेचा अर्धा वेळ यावरच द्या, आपल्याकडे खरी उणीव इथेच आहे.

ऑगस्टातली हवा दमट. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) एकाच बाजूने चिकटवलेला कागद ओल धरतो, कडा उचलतात, बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. मागूनही कागद लावून घ्या आणि प्रिंट मॅटच, म्हणजे बिनचकाकीच्या, काढा, म्हणजे दिव्याची तिरीप चेहऱ्यावर येणार नाही. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमी. दुहेरी टेपवर विसंबू नका, ओलसर भिंतीवरून रात्रीत खाली येतो; तारेला टांगा.