कूलिंग टॉवरचं बीकेसीवालं पाणी नाल्यात सोडलं तर माशांना चालतं का? शेठ म्हणतात चालतं

चटईवाला_जळगाव
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. स्टोअर आणि युटिलिटी दोन्ही माझ्याच गळ्यात. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, पण पुस्तक मिटून वीस वर्षं झाली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा कूलिंग टॉवर लहान, टाकीसकट १२ हजार लिटर पाणी. पारा ४४-४५ वर गेला की आत शेवाळ घोंगडीसारखं धरतं. आजवर ब्लीचिंग टाकत होतो. यंदा सप्लायरने ५० टक्के बीकेसीचा ड्रम दिला, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. आठवड्याला ६०० मिली टाकतो. शेवाळ साफ गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्लोडाउन, म्हणजे टॉवरमधून काढून टाकलेलं जुनं पाणी, मागच्या नाल्याला जातं, आणि तोच नाला खाली माझ्या गावाच्या शिवारातून वाहतो. पोरं तिथे मासे धरतात. झिंगे मात्र हल्ली कुणालाच दिसत नाहीत.

सप्लायरचं म्हणणं: उंदराचा एलडी-५० (निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा) किलोला २४० मिलिग्रॅम आहे, म्हणजे फार विषारी नाही, माल बायोडिग्रेडेबल आहे, आणि बीकेसी तर कोळंबीच्या तळ्यातही टाकतात.

मी स्वतः एक प्रयोग केला. दोन दिवसांपूर्वी कॅनमध्ये भरून ठेवलेलं ब्लोडाउन बादलीत ओतलं, आमच्या हौदातले चार गप्पी सोडले (डेंग्यूसाठी आरोग्य खात्याने दिलेले). सकाळी चारही जिवंत. शेठ म्हणाले, "जित्ते आहेत ना? मग झालं."

माझं मन मात्र मानत नाही. एखादं केमिकल पाण्यातल्या जिवांना घातक आहे हे नेमकं ठरवतात कसं?

ईटीपीवाला_धुळे
भाऊ, सेफ्टी डेटा शीट काढा. सप्लायरने तुम्हाला ११वं कलम दाखवलंय, ते माणसासाठी असतं. उंदराच्या पोटात किती गेलं तर तो मरतो, त्याचा माशाच्या कल्ल्यांशी काय संबंध? तुम्हाला हवं ते १२वं. तिथे तीन आकडे शोधा: मासा ९६ तास, डॅफ्निया ४८ तास, शेवाळ ७२ तास. आकडा म्हणजे तेवढ्या वेळात निम्म्यांना मारणारी किंवा निकामी करणारी पाण्यातली मात्रा. डॅफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू, झिंग्यांची लांबची चुलत बहीण समजा. तिघांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, त्याच्यावर निकाल. सरासरी काढायची नाही. १ मिलिग्रॅम प्रतिलिटर किंवा खाली आला की तीव्र घातक वर्ग १, १ ते १० वर्ग २, १० ते १०० वर्ग ३.

चटईवाला_जळगाव
सापडलं. मासा ०.२८, डॅफ्निया ०.०१६. शेवाळाची जागा कोरी आहे.

ईटीपीवाला_धुळे
शेवाळ मारायला विकतात आणि शेवाळाचाच आकडा कोरा, वा रे सप्लायर!

असो. ०.०१६ म्हणजे वर्ग १, तोही साधा नाही. आकडा ०.०१ ते ०.१ मध्ये असला की एम-फॅक्टर, म्हणजे जास्त जहाल मालासाठीचा गुणक, १० धरतात. मिश्रणात टक्केवारीला त्याने गुणायचं, २५ च्या वर गेलं की अख्खं मिश्रण वर्ग १. तुमचं ५० गुणिले १० म्हणजे ५००. उद्या त्याने पाणी घालून ५ टक्क्यांचा कॅन दिला तरी ५० येतात, म्हणजे तोही वर्ग १. ड्रमवर मेलेला मासा आणि वाळकं झाड असं चित्र पाहिजे. आहे का बघा.

बायोडिग्रेडेबलचं सांगतो. ती चाचणी २८ दिवसांची. ऑक्सिजनच्या हिशोबाने त्यात ६० टक्के विघटन झालं, तेही सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत, की 'सहज विघटनशील' म्हणतात. त्याचा उपयोग दीर्घकालीन वर्ग ठरवताना होतो, तीव्र वर्गाला तो हिशोबच नाही. नाल्यातला मासा पहिल्या रात्रीच गेला तर २८व्या दिवशी काय उरलं याचं त्याला काय.

कोळंबीच्या तळ्यात टाकतात हे खरं आहे, पण तिथे अख्ख्या तळ्याचं पाणी मोजून डोस ठरवतात. तुम्ही ६०० मिली १२ हजार लिटरमध्ये टाकता, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम माल, त्यात अस्सल बीकेसी २५. भागिले ०.०१६ करा.

तापीकाठ
एवढं कशाला डोकं लावता भो. पुढे तापीत गेलं की पातळ होतंच.

ईटीपीवाला_धुळे
२५ भागिले ०.०१६ म्हणजे दीड हजार पटीच्या वर. हजार लिटर ब्लोडाउनला १५ लाख लिटर चांगलं पाणी लागेल, आणि तेवढ्यानेही निम्म्या पिसवा मरतीलच. मे महिन्यात गिरणेला धरणाचं आवर्तन सुटल्याशिवाय धार नसते. यांच्या नाल्यात तर यांचंच पाणी वाहत असणार. शिवाय वर्ग ठरवताना पातळ होणं धरतच नाहीत. लवंगी मिरची तिखटच. भाजीत किती टाकली, हा हिशोब निराळा.

लॅबताई_भुसावळ
दादा, तुमच्या बादलीबद्दल बोलते. प्रयोग करावासा वाटला हे चांगलं, पण तो फसलाय. बीकेसीचा कण धन भाराचा, गाळ आणि शेवाळ ऋण भाराचे. कॅनच्या तळाला काळा गाळ असेल तर दोन दिवसांत बराचसा माल त्यालाच चिकटला आणि तुम्ही वरचं निवळ ओतलंत. नाल्यातही तो असाच तळाला जाऊन बसतो, आणि झिंगे तळालाच राहतात. अर्थात झिंगे यामुळेच गेले असं मी म्हणणार नाही. कपाशीवरची फवारणीही पावसाबरोबर नाल्यातच उतरते.

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये सांडपाण्यासाठी जैवचाचणी आहे: पातळ न केलेल्या पाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत पाहिजेत. चार मासे आणि एक रात्र म्हणजे काहीच नाही. दहा घ्या. डोस टाकलेल्या दिवशीचं ताजं पाणी घ्या, तेही ढवळून. शेजारी नुसत्या बोअरच्या पाण्याची बादली ठेवा, तिच्यातही दहा. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतं. दोन्ही सावलीत ठेवा. ३० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेव्हा छोटा एअर पंप दोन्हीकडे लावा, नाहीतर मासे गुदमरून मरतील आणि दोष बीकेसीवर येईल. हे कागदोपत्री चालणार नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त लॅब लागते. शेठना दाखवायला पुरे.

चटईवाला_जळगाव
ताई, सांगितलंत तसंच केलं. कॅनच्या तळाला खरंच बोटभर काळा गाळ होता.

गुरुवारी डोस टाकला आणि दोन तासांनी पाणी काढलं. संध्याकाळी सहाला मासे सोडले. आठ वाजता सगळे वर येऊन तोंड उघडत होते, कल्ल्यांवर पांढुरका चिकट थर. सकाळी दहाही गेलेले. दहापट पातळ केलेली तिसरी बादली मी आपल्या मनाने ठेवली होती, तिच्यात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आठ गेले. बोअरच्या पाण्यातले दहाच्या दहा फिरत होते, ते परत हौदात सोडले.

शेठना बादल्यांपाशी नेऊन उभं केलं. काही बोलले नाहीत, पण ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली. आता ब्लीचिंगवर, म्हणजे हायपोक्लोराइटवर, परत जायचं चाललंय.

ईटीपीवाला_धुळे
जा, पण त्यालाही वर्ग १ च आहे हे धरून चाला. फायदा एवढाच की क्लोरीन सोडण्याआधी थायोसल्फेटने मारता येतं आणि साध्या किटने तपासता येतं. टॉवरमध्ये आत्ता असलेलं बीकेसीचं पाणी टाकीत रोखून बेंटोनाइट माती ढवळा, बीकेसी तिला चिकटेल. तो गाळ मात्र नाल्यात नको. आणि ड्रमवर चित्र होतं का?

चटईवाला_जळगाव
नव्हतं. सप्लायरला फोन लावला. म्हणाला, उन्हाने स्टिकर निघून पडलं असेल. ड्रम पहिल्या दिवसापासून गोडाउनात आहे.