नास्तिक आणि माटवी

नास्तिक असाल तर गणपतीला गावी जाणं हे ढोंग, असा सूर दिसला म्हणून लिहितोय. मी कॉलेजपासून देव मानत नाही, तरी दर चतुर्थीला देवगडला जातोच आणि माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट) कवंडळं ही रानफळं, आंब्याचे टाळ मीच बांधतो, कारण काकांना आता स्टुलावर चढायला जमत नाही. हात जोडत नाही, घरात सगळ्यांना माहितीये, आईने त्यावर बोलणंच सोडलंय.

देवराईतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, काडीपण लोक देवाच्या भीतीने उचलत नाहीत, त्यामुळे झाडं टिकली, हे मान्य. (वनखात्याला एवढं कोण घाबरतं?) पण तीच भीती माणसांनापण लांब ठेवते ना. रत्नागिरीत सगळ्या जातींसाठी म्हणून पतितपावन मंदिर १९३१ ला वेगळं बांधावं लागलं, म्हणजे तेव्हा बाकीच्या देवळांत काय चालत असेल ते समजा. आमच्या वाडीत तर पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून सख्खे चुलते अजून बोलत नाहीत, आणि त्यात देवाचा कौल कुणी मागितला नाही, सरळ वकील गाठला.

बाकी गणपतीपुढे गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घालतात ते साकडं) सुरू झालं की 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठ्याने मीच ओरडतो. बायको हसते.